सायकलीचा दिवा कोणासाठीं?

पुण्यासारख्या शहरांत एके काळीं सायकल हेंच घरोघरचें वाहन होतें, आणि दिवा न लावतां निघालेल्या सायकलस्वाराला पोलीस हटकून अडवीत. दंडाच्या भीतीनें कां होईना, दिवेलागणीला सायकलीचाही दिवा लागे. त्या वेळीं रस्ते अंधारे असत. त्यामुळें दिवा हा वाट दिसण्यासाठींच असतो, अशी समजूत रूढ झाली. आज शहरांतले रस्ते पुष्कळसे उजळले आहेत. वाट दिसतेच आहे, मग दिव्याची कटकट कशाला, असें सहज म्हटलें जातें. ही समजूत जीवघेणी आहे. सायकलीचा दिवा जितका पाहण्यासाठीं, त्याहून अधिक दिसण्यासाठीं असतो, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

अंधारांत सायकलस्वाराला मोटार दुरूनच लख्ख दिसते. मग त्याच्या मनांत नकळत असा हिशेब होतो कीं, ज्या अर्थीं ती मला दिसते, त्या अर्थीं मीही तिच्या चालकाला दिसत असलों पाहिजे. पण मोटार दिसते ती तिच्या दिव्यांमुळें. आपणाजवळ दिवा नाहीं, हें तो विसरतो. ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. संकट ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर सरलेच. पुढें कोरड्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी वीसएक मीटर लागतात; ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. उलट, खालीं वळविलेल्या दिव्यांत काळसर कपड्यांतला माणूस पुष्कळदां तीसएक मीटरांवर आल्यावरच ध्यानांत येतो. या वजाबाकींत जें उणें पडतें, तें माणसाचे प्राण होत.

कोणी म्हणेल, नीट पाहून गाडी हांकणें हें चालकाचें कर्तव्य आहे. त्याचें ओझें सायकलस्वाराच्या माथीं कां? हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. इंग्लंडांतील सायकलस्वारांच्या संघटनेनें मागच्या तांबड्या दिव्याच्या सक्तीला याच कारणास्तव वर्षानुवर्षें विरोध केला. १९३९ सालीं युद्धाचा अंधार पसरला, तेव्हां तेथें तो दिवा सक्तीचा झाला, आणि १९४५ च्या कायद्यानें ती सक्ती कायम राहिली. तत्त्व सायकलस्वारांच्या बाजूनें होतें, हें मी मान्य करतों. पण चुकलेल्या चालकाला न्यायालय शिक्षा देईल; गेलेला जीव तें परत देणार नाहीं.

पावसाळ्यांतल्या एका संध्याकाळीं मी मोटार चालवीत होतों. पुढचा रस्ता मोकळा आहे, अशी माझी खात्री होती. इतक्यांत डावीकडे दोन पिवळे ठिपके खालीं-वर होतांना दिसले. ते पॅडलला बसविलेले परावर्तक होते. ठिपके तसे हलले म्हणूनच, हा पाय मारणारा माणूस आहे, हें मला क्षणांत उमगलें. मागें दिवा नव्हता. त्या दोन ठिपक्यांनीं आम्हां दोघांनाही वांचविलें.

तरी परावर्तकावर विसंबून राहूं नये. आलेला प्रकाश तो आला त्याच दिशेनें परतवितो. स्वतः उजळत नाहीं. आडव्या गल्लींतून येणाऱ्या मोटारीचा झोत त्यावर पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. जुन्या डायनामोचा दोष असा कीं, चाक थांबलें कीं दिवा विझे. म्हणजे उजवीकडे वळण्यासाठीं रस्त्याच्या मधोमध उभें राहावें, नेमका तेव्हांच अंधार. हल्लींच्या बऱ्याच डायनामोंच्या दिव्यांत थोडी वीज सांठवून ती उणीव भरून काढली आहे, आणि बॅटरीवरचे लहान दिवेही स्वस्त झाले आहेत. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाहीं. जर्मनींत तर सायकलीला तो लावण्यास मनाई आहे. म्हणून निदान एक दिवा स्थिर असावा. पुढचा किंचित् खालीं झुकलेला असावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहींत. मागचा पिशवीखालीं किंवा रेनकोटाच्या घोळाखालीं झांकला तर गेला नाहीं ना, हें निघतांना पाहावें.

दिव्याचा उपयोग केवळ रात्रींचाच नव्हे. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरांत २००४-०५ मध्यें ३,८४५ सायकलस्वारांवर वर्षभर प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलींवर दिवसांही दिवे तेवत होते, त्यांना इजा होणारे अपघात इतरांपेक्षां १९ टक्क्यांनीं कमी झाले.

श्रोतेहो, रस्त्यावर आपण आहों, हें आपणांस ठाऊक असतें. दुसऱ्याला तें कळवावें लागतें. उद्यां संध्याकाळीं सायकल बाहेर काढाल, तेव्हां घरांतल्या कोणाला तरी पन्नास पावलें मागें उभें राहून पाहावयास सांगा. त्याला आपण दिसलांत, तर खुशाल निघा.