कुत्र्याला शिकवावे कसे?

आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुत्रे नाही असे घर विरळाच. नागली-वरीच्या शेतात रात्री रानडुक्कर शिरले, तर पहिली वर्दी तेच देते. शेळ्यांमागे रानात तेच जाते. आणि या राखणदाराशी आपण बोलतो किती? मोजून तीन शब्द! बोलवायचे तर ‘यू यू’, अंगावर सोडायचे तर ‘छू’, आणि हाकलायचे तर ‘हाड’. ‘शाबास, हेच बरोबर’ असे त्याला सांगणारा शब्द आपल्यापाशी नाही. त्या जागी असतो दगड, नाही तर काठी. या राहून गेलेल्या चौथ्या शब्दाविषयी आज बोलायचे आहे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाचे राहू द्या. सवय मात्र सरळ होते. रशियातील शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखवून दिले, की खाणे देण्याआधी दरवेळी एकच आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी सांगितले, की ज्या कृतीनंतर लाभ होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. पत्र्याचे टिकटिक वाजणारे साधे खेळणे घेऊन कुत्र्याला कसे शिकवावे, हे त्यांनी १९५१ साली एका लेखात लिहिले. अशाच साधनाला आज ‘क्लिकर’ म्हणतात. डॉल्फिनसारख्या जलचरांना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर या बाईंनी पुढे ही पद्धत घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत नेली.

कुणी म्हणेल, आवाज कशाला? भाकरीचा तुकडा दिला म्हणजे झाले! पण पाहा हं. कुत्रे अंगणात शहाण्यासारखे बसले. तुम्ही घरात जाऊन तुकडा आणलात. तोवर ते उठून भुंकू लागले. मग बक्षीस कशाचे मिळाले? भुंकण्याचे! आवाज मात्र नेमक्या क्षणी पोचतो. ‘आत्ता केलेस ते बरोबर, घास येतो आहे,’ एवढे तो सांगतो.

क्लिकर विकत आणायची गरज नाही. बटणाचे पेन चालेल, टाळूला जीभ लावून काढलेला ‘टक्’ आवाजही चालेल. मात्र आवाज रोज एकच हवा. पहिले दोन दिवस फक्त ‘टक्’ करा आणि लगेच भाकरीचा लहानसा तुकडा द्या. असे दहा-पंधरा वेळा. आवाजासरशी कुत्रे तुमच्या हाताकडे पाहू लागले, म्हणजे त्याला अर्थ कळला. मग ते आपणहून बसेल त्या क्षणी ‘टक्’ करा आणि घास द्या. ते पुन्हापुन्हा बसू लागले, की मग ‘बस’ हा शब्द जोडा. आधी कृती, मागून शब्द. एका वेळी पाचच मिनिटे, आणि तीही कुत्र्याचे पोट भरलेले नसताना. शेळी दिसूनही ते धावले नाही, वळून तुमच्याकडे पाहिले, तर तो क्षण सोडू नका!

आता काठीचे पाहू. कुत्रे शेळीमागे धावले. धन्याने हाका मारल्या. शेवटी ते परत आले आणि धन्याने त्याला बडवले. कुत्र्याच्या लेखी मार कशाचा? धावण्याचा नव्हे, परत येण्याचा! दुसऱ्या दिवशी हाक मारली तर ते येईल कशाला? काठी फार तर ‘हे नको’ एवढे सांगते. काय हवे ते सांगत नाही.

याची झळ मुलांना लागते. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे कामासाठी वसई-भिवंडीकडे उतरतात. पाड्यावर म्हातारी माणसे, काही मुले आणि उपाशी कुत्री उरतात. येताजाता दगड खाल्लेले कुत्रे शाळेच्या वाटेवर एक दिवस कुणाला तरी चावते. म्हणून गुरुजनांनी मुलांना दगड खाली टाकायला शिकवावे. अनोळखी कुत्र्यासमोर पळू नये, ओरडू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हेही सांगावे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही विद्या पिसाळलेल्या कुत्र्यावर चालत नाही. कुत्रे चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठावे आणि लशीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. आपल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यावी.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एवढेच सांगतो. मूल म्हणजे कुत्रे नव्हे. मुलाला कारण सांगता येते, त्याचे म्हणणे ऐकता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारालाही बंदी केली आहे. पण छडी ठेवली, म्हणजे काम संपले असे नाही. मुलाचे बरोबर आले, तर ते त्याच क्षणी त्याला कळले पाहिजे. मुक्या जनावराला जे सांगायला आपण शिकतो आहोत, ते बोलत्या लेकराला सांगायचे राहून जाऊ नये.