तेलाच्या गावचा विमानतळ

विमानतळ म्हटला की प्रवाशांची गर्दी आणि वेळापत्रकाची पाटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील टायोगा या गावच्या विमानतळावर यांपैकी काहीच आढळत नाही. २०२० च्या शिरगणतीत या गावाची वस्ती सुमारे २,२०० भरली. एवढ्याशा गावाला विमानतळ हवा कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याचे एक उत्तर जमिनीच्या पोटात आहे. एप्रिल १९५१ मध्ये टायोगाजवळच्या एका शेतात खणलेल्या विहिरीला तेल लागले आणि राज्याच्या तेलधंद्याचा श्रीगणेशा झाला. पुढे खोलवरचा खडक फोडून तेल काढण्याची विद्या साध्य झाली. २०१२ साली हे गहू पिकविणारे राज्य तेलाच्या उत्पादनात टेक्ससच्या खालोखाल जाऊन बसले. तेलाची विहीर बंद पडली की तासातासाला नुकसान होते. अशा वेळी दूरच्या शहरातून तज्ज्ञ किंवा यंत्राचा सुटा भाग आणण्यास चार-सहा आसनांचे विमान फार उपयोगी पडते.

परंतु तेल हे लहरी धन आहे. २०१४ च्या मध्यास पिंपामागे शंभर डॉलरांच्या वर असलेला भाव २०१६ च्या आरंभी तिसांच्याही खाली उतरला. भरभराटीच्या दिवसांत शेजारच्या विलिस्टन शहराचा जुना विमानतळ अपुरा पडू लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो बंद होऊन नवा, मोठा विमानतळ सुरू झाला. आणि सहा महिने उलटतात न उलटतात तोच महामारीमुळे तेलाची मागणी कोसळली!

तेलामागे आलेली विमाने तेलामागे निघूनही जातात. मग उरते कोण? पिकांवर औषध फवारून घेणारा शेतकरी उरतो, आणि उरतो रोगी. मायनॉटसारखे मोठे शहर टायोगाहून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले म्हणजे हे अंतर किती वाढते, ते रोग्याच्या आप्तांनाच ठाऊक. अशा प्रदेशात हवाई रुग्णवाहिकेला उतरण्यास एक साफ धावपट्टी असणे हा चैनीचा विषय नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. अशा लहान तळांच्या बांधकामाचा बराचसा भार अमेरिकेचे केंद्र सरकार उचलते. तो पैसा मुख्यतः विमानाच्या तिकिटांवरील व इंधनावरील करांतून येतो. तथापि बर्फ उपसणे, दिवे लावणे, भेगा बुजविणे हे रोजचे काम गावाच्याच माथी असते. तेजीत हा खर्च कोणास जाणवत नाही. मंदीत तोच प्रथम डोळ्यांत खुपतो.

म्हणून अशा विमानतळाचा आकार तेजीकडे पाहून ठरवू नये, आणि मंदीकडे पाहून त्याची उपेक्षाही करू नये. तेल आटल्यावरही त्या गावात जे लोक राहणार आहेत, त्यांच्या गरजेवरून त्याचे मोल ठरवावे, हेच न्याय्य होय.