शायोकाझाच्या शाळेतील एक दिवस

(शिवथर खोऱ्यातील बौद्धवाडीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील जुना देव्हारा उतरला, भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब आले, मुलांच्या तोंडी त्रिसरण आणि पंचशील बसले. हे योग्यच झाले. परंतु दीक्षेनंतर काही महिने लोटले म्हणजे घरातला एखादा वडीलधारा हटकून विचारतो, “आता पुढे काय करायचे?” या प्रश्नाला मी आज उपदेशाने उत्तर देणार नाही. येथून हजारो मैलांवर असलेल्या एका शाळेची हकीकत सांगणार आहे. त्या शाळेला बाबासाहेबांचे नाव आहे, आणि ते नाव देणारे लोक ना मराठी आहेत, ना भारताचे नागरिक.

युरोप खंडाच्या मध्यभागी हंगेरी नावाचा देश आहे. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, वस्ती एक कोटीच्या आत, आणि समुद्र कोठेही नाही. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात शायो नदीच्या खोऱ्यात शायोकाझा हे गाव आहे. या भागात कोळशाच्या खाणी होत्या. १९९० च्या सुमारास राज्यव्यवस्था बदलली, खाणी आणि कारखाने बंद पडत गेले, आणि कामावरून पहिल्यांदा कोणाला काढले असेल, ते तुम्ही न सांगताही ओळखाल. काढले ते रोमा मजुरांना. युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून हिणवले जाते तेच हे लोक. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वा त्याहूनही आधी भारतातून तिकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून विद्वानांनी सिद्ध केले आहे. रोमानी भाषेत आकडे मोजताना येक, दुइ, त्रिन, श्तार, पंज असे मोजतात. नाकाला नाख म्हणतात, केसांना बाल, पाण्याला पानी आणि माणसाला मनुश. आपल्या वाडीतल्या आजीलाही ही भाषा अर्धी कळेल! दुर्दैव असे, की हंगेरीतील बहुसंख्य रोमांच्या घरांतून आता ही भाषा गेली आहे. अठराव्या शतकात मारिया थेरेसा राणीच्या राज्यात त्यांचे नावच पुसून त्यांना ‘नवे हंगेरियन’ ठरवण्याचे फर्मान निघाले होते, आणि त्यांची मुले आईबापांपासून काढून परक्या शेतकऱ्यांच्या घरी ठेवण्याचेही. भाषा हिसकावून घेतल्यावर समाजात बरोबरीची जागा मात्र दिली नाही.

या समाजातील ओर्शोश यानोश आणि त्यांचे सहकारी, समाजशास्त्रज्ञ देर्दाक तिबोर, यांच्या वाचनात बाबासाहेब आले. (तिकडेही आपल्या हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात.) २००५ आणि २००७ मध्ये ओर्शोश महाराष्ट्रात आले आणि येथील बौद्ध समाजाला भेटले. २००७ मध्ये त्यांनी जय भीम या नावानेच संस्था स्थापन केली, बौद्ध धम्म स्वीकारला आणि शायोकाझात डॉ. आंबेडकर शाळा उघडली. पुढे ओझ्द शहरात आणि हेज्मेग गावातही त्यांनी असे वर्ग काढले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच देशात, पेच शहरात, १९९४ पासून रोमा मुलांसाठी गांधींच्या नावाची एक माध्यमिक शाळा होती. तीही चांगलेच काम करीत आली आहे, तिला उणे लेखण्याचे कारण नाही. तरी ज्यांना स्वतः बहिष्काराचा अनुभव होता, त्यांना दुसऱ्या नावाची गरज वाटली, हे लक्षात घ्या.

आता असे धरून चला, की आपल्यांतील एखादा पदवीधर तरुण त्या शाळेत स्वयंसेवक शिक्षक म्हणून इंग्रजी शिकवण्यास गेला आहे. त्याचा एक दिवस कसा जाईल?

दिवस डिसेंबरचा घ्या. सूर्य सातनंतर उगवतो आणि दुपारी चार वाजण्याच्या आतच मावळतो. बाहेर पाणी गोठते. त्या देशात शाळेचे घड्याळ बहुधा सकाळी आठला सुरू होते आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. शिक्षक वर्गात शिरतो तेव्हा “जय भीम” हे शब्द ऐकू येतात, आणि भिंतीवर बाबासाहेब असतात. २०१६ साली १४ एप्रिलला त्यांचा अर्धपुतळाही शाळेत बसवण्यात आला. समोर बसलेले मात्र लहान मुले नव्हेत. कोणी सतरा वर्षांचा, कोणी पंचवीसचा, कोणी लेकुरवाळी बाई. एकदा शाळा सुटलेली ही माणसे पुन्हा बाकावर येऊन बसली आहेत. कशासाठी? एका परीक्षेसाठी. तिला तेथे एरेत्शेगी म्हणतात, आपल्याकडची बारावी समजा. हंगेरियन भाषा व साहित्य, इतिहास, गणित, एक परकी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, असे पाच विषय. ही परीक्षा झाल्याशिवाय विद्यापीठाचे दार उघडत नाही, आणि बऱ्या नोकरीचेही नाही. त्या पाचांतला परक्या भाषेचा विषय आपल्या तरुणाच्या वाट्याला आलेला आहे.

पहिल्या तासाला अडचण कोठे येते पाहा. हंगेरियन भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे. विद्यार्थिनी आपल्या आईविषयी इंग्रजीत बोलू लागली, की दुसऱ्याच वाक्यात आईचा पुरुष होतो. वर्ग हसतो, ती लाजून बसते आणि पुढचे पंधरा दिवस तोंड उघडत नाही. ज्याला नुसते व्याकरण ठाऊक आहे, असा शिक्षक येथे चूक लाल शाईने खोडील आणि पुढे जाईल. परंतु मराठी माणसापाशी एक हत्यार आहे. हंगेरियन माणूस “मजपाशी घर आहे” किंवा “मला भाऊ आहे” अशाच धाटणीने बोलतो. आपणही तसेच बोलतो. इंग्रज मात्र भावाचाही जणू मालकच असल्यासारखे वाक्य बांधतो. म्हणून या वाक्यापाशी विद्यार्थी का अडतो, हे लंडनहून आलेल्या शिक्षकापेक्षा आपल्या तरुणाला लवकर उमजेल, कारण शाळेत तोही तेथेच अडलेला असतो. तो फळ्यावर मराठी वाक्य लिहितो, त्याखाली हंगेरियन, त्याखाली इंग्रजी, आणि वर्ग आपणहून फरक सांगू लागतो. त्या बाईला कळते, की माझ्या डोक्यात खोट नाही, माझी भाषा निराळ्या वाटेने चालते.

हे मी इतके विस्ताराने का सांगतो? तुमच्या डोक्यात खोट आहे, हेच त्या लोकांना पिढ्यान् पिढ्या सांगण्यात आले आहे. रोमा मुलांची बुद्धिमापनाची परीक्षा घ्यायची आणि त्यांना मंदबुद्धीच्या मुलांच्या शाळेत टाकायचे, अशी तेथे रीतच पडली होती. अशाच दोन तरुणांनी दाद मागितली, आणि २९ जानेवारी २०१३ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हंगेरीविरुद्ध निकाल दिला. ग्योन्ग्योशपाता या गावी तर नेहमीच्या शाळेतच रोमा मुलांचे वर्ग निराळे ठेवले जात होते. त्या मुलांना भरपाई द्यावी, असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केला. निकाल मिळाले, परंतु ‘मठ्ठ’ हा शिक्का कागदावरून पुसला तरी मनावरून पुसण्यास कोणी तरी रोज वर्गात उभे राहावे लागते. न्यायालयाला ते काम करता येत नाही.

दुपारी शिक्षक हजेरी पाहतो. दोघे नाहीत. एकाला रोजंदारी मिळाली, दुसरीचे मूल आजारी. येथे स्वयंसेवकाची खरी परीक्षा लागते. पगारी शिक्षक गैरहजेरीची खूण करून मोकळा होऊ शकतो. हा उठतो आणि गावाच्या कडेला असलेल्या वस्तीत जातो. वस्ती गावाच्या कडेलाच का, हे तुम्हांला समजावून सांगावे लागू नये. तेथे पाण्याचा नळ बहुधा घरात नसतो, रस्त्यावर हातपंप असतो. त्याच भागातील ओझ्द शहराची गोष्ट ऐका. ऑगस्ट २०१३ मध्ये ऐन उकाड्यात नगरपालिकेने काटकसरीचे निमित्त करून कित्येक सार्वजनिक नळ बंद केले आणि इतरांचा दाब कमी केला. त्रास सोसावा लागला तो मुख्यतः रोमा वस्तीला. देशभर ओरड झाली तेव्हा पाणी पुन्हा सोडावे लागले. शिवथरच्या लोकांनो, येथून महाड किती दूर आहे? १९२७ च्या मार्चमध्ये ज्या तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना नेले, आणि ज्याचा निकाल उच्च न्यायालयातून मिळण्यास १९३७ साल उजाडले, ते तळे येथून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. ओझ्दच्या रोमा बाईला चवदार तळ्याची हकीकत सांगितली, तर तिला भाषांतराची गरज कितीशी लागेल?

वस्तीतल्या घरी शिक्षक चहा घेतो, आजारी मुलाची चौकशी करतो, आईला दोन दिवसांचा अभ्यास लिहून देतो आणि अंधार पडण्यापूर्वी परततो. अंधाराची भीती तेथे उगाच नाही. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत एका टोळीने रोमांच्या घरांवर रात्री हल्ले केले. सहा जण मारले गेले, त्यांत एक लहान मूल होते. गुन्हेगारांना २०१३ मध्ये शिक्षा झाल्या. तरीही संध्याकाळच्या वर्गाला माणसे येतात. दिवसभर काम केलेला माणूस गणिताच्या वहीवर डुलक्या घेतो, शिक्षक त्याला उठवतो, पुन्हा तेच समीकरण मांडतो. रात्री खोलीवर गेल्यावर वह्या तपासायच्या, उद्याचा धडा काढायचा. दिवस संपला. गौरव नाही, छायाचित्र नाही. त्या दिवशी एक बाई ‘तो’ आणि ‘ती’ यांत चुकली नाही, इतकीच कमाई.

राज्यसत्तेने या शाळेची वाट सोपी केली असेही नाही. २०११ च्या कायद्याने त्या देशातील अनेक लहान धर्मसंस्थांची मान्यता गेली, त्यांत जय भीम संस्थेचीही गेली आणि शाळेला मिळणारा पैसा आटला. त्याच वर्षीच्या शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचे वय अठरावरून सोळावर आणले. म्हणजे सोळा वर्षांच्या रोमा मुलाने शाळा सोडली, तरी त्याला परत बोलावण्याचे बंधन कोणावर उरले नाही. ते बंधन ज्यांनी आपणहून अंगावर घेतले, त्यांनाच मी स्वयंसेवक म्हणतो.

आता आपल्या खोऱ्याकडे या. कसबे शिवथर, कुंभे शिवथर, आंबे शिवथर, या गावांच्या रानातील घळ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथे रामदासांनी दासबोध लिहिला असे परंपरा सांगते आणि दर्शनाला गाड्या येतात. ज्या खोऱ्याची कीर्ती ग्रंथलेखनासाठी, त्याच खोऱ्यात तुमच्या आज्याला अक्षर गिरवू दिले नव्हते, हेही कोठे तरी लिहिले गेले पाहिजे. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी महाडच्या परिषदेसाठी जिवाचे रान केले, त्यांना लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी झगडावे लागले. प्रवेश मिळाल्यावरही इतर मुलांच्या बरोबरीने वर्गात बसू दिले नाही. ती बंदी आज उरलेली नाही. महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय बाबासाहेबांच्याच नावाने चालते. मग आपली मुलगी दहावीपाशी का अडते? पावसाळ्यात वाट बंद होते हे खरे. गाडी वेळेवर मिळत नाही हेही खरे. पण इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत तिला संध्याकाळी घरी सांगणारे कोणी नाही, हे त्याहून खरे आहे. शिकवणीचे पैसे नाहीत आणि शिकवणारा पंधरा मैलांच्या आत नाही.

शिकवणारा नाही असे म्हणताना मात्र मी थबकतो. मे महिन्यात मुंबईकर गावी येतात. प्रत्येक वाडीत दोन-चार पदवीधर, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी महाविद्यालयात. बुद्धपौर्णिमेला मंडप पडतो, जयंतीचा हिशेब निघतो, वर्गणीवरून वाद होतात आणि जूनच्या पहिल्या सरीबरोबर गाड्या परत जातात. मंडपाला माझा विरोध नाही. परंतु हंगेरीतला ओर्शोश बाबासाहेबांच्या भूमीत आला आणि शाळा काढण्याची उमेद घेऊन गेला, आणि आपला माणूस आपल्याच वाडीत येऊन झोपाळ्यावर महिना घालवतो, ही तुलना मला सोसत नाही. शायोकाझात जाण्यास पारपत्र आणि विमानाचे भाडे लागते. शिवथरला येण्यास तुम्ही आलेलेच आहात.

एक सूचना शिक्षकांसाठी. चाचणी घेऊन आरंभ करू नका. नापास होण्याची सवय ज्या मुलांना आहे, ती पहिल्याच दिवशी पळतात. मुलाला जे येते तेथून धरा, मग ते चौथीचे गणित का असेना. मुलींच्या वर्गाची वेळ पाणी भरण्याच्या आणि स्वयंपाकाच्या वेळेशी टकरू देऊ नका, नाही तर वर्गात मुलगेच उरतील. आणि मूल आले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभे राहा. रागावू नका, चहा घ्या.

विहाराच्या ओट्यावर वही ठेवली आहे. सभा उठल्यावर ज्यांची दहावीच्या पुढे मजल गेली आहे त्यांनी आपले नाव, विषय आणि गावी राहण्याचे दिवस तीत लिहावेत. बायकांनीही लिहावे, नवऱ्याला विचारून नंतर लिहू असे म्हणू नये. गणिताला कोणीच मिळाले नाही, तर दोघांनी सोमवारी महाडला जाऊन महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना भेटावे. त्यांचे येण्याजाण्याचे भाडे यंदाच्या मंडपाच्या वर्गणीतून द्यावे, असे मी सुचवतो. त्यावर ज्यांना हरकत असेल त्यांनी ती आताच, सर्वांसमोर सांगावी.

नमो बुद्धाय. जय भीम.