निनांवी टपाल आणि त्याची परीक्षा



टपाल कसें चालतें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पत्र पेटींत पडतें, कचेरींत त्यावर शिक्का बसतो आणि पोस्टमन तें दारीं आणून देतो. संगणकावरून फाईल पाठविण्याची नेहमींची रीत याहून फारशी निराळी नाहीं. फाईल प्रथम एखाद्या कंपनीच्या यंत्रावर जाऊन बसते आणि घेणारा ती तेथून उचलतो. कोणी दिली, कोणी घेतली, किती वाजतां घेतली, ही नोंद त्या कंपनीच्या दप्तरीं राहूं शकते. लग्नाचे फोटो पाठविणारास त्याची फिकीर करण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या कारखान्याचें विषारी पाणी नदींत सोडलें जात आहे, याचे कागद एखादा कारकून वर्तमानपत्राकडे पाठवूं इच्छीत असेल, तर त्या नोंदींत त्याची नोकरी अडकलेली असते, प्रसंगीं जीवही. अशा माणसासाठीं जीं साधनें निघालीं, त्यांपैकीं एकाची मॅक संगणकावर परीक्षा कशी घ्यावी, आणि तें अडलें तर दोष कसा शोधावा, हा माझा आजचा विषय आहे.

या साधनाचें नांव अनियनशेअर. मायका ली या अमेरिकन गृहस्थांनीं तें २०१४ सालीं तयार केलें. त्याच्या आदल्या वर्षीं, ऑगस्ट २०१३ मध्यें, डेव्हिड मिरांडा यांस लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जवळजवळ नऊ तास अडकवून ठेवण्यांत आलें होतें. एडवर्ड स्नोडेन यांनीं उघड केलेल्या कागदपत्रांसंबंधींच्या फाईली ते एका पत्रकाराकडून दुसऱ्याकडे नेत होते. त्यांच्याजवळचीं यंत्रें काढून घेण्यांत आलीं. फाईल पोंचविण्यासाठीं माणसास असा धोका पत्करावा लागूं नये, या विचारांतून हें साधन जन्मास आलें. तें विनामूल्य आहे.

त्याची युक्ति साधी आहे. फाईल कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर ठेवावयाची नाहीं. आपल्याच मॅकवर हें साधन एक लहानसें दुकान मांडतें आणि टॉर नांवाच्या जाळ्यांतून त्या दुकानास एक पत्ता मिळवून देतें. टॉरचें मूळ १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकन आरमाराच्या संशोधन-प्रयोगशाळेंत आहे. २००२ सालीं तें लोकांस खुलें झालें. त्यांत संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें कूटलिपीचीं वेष्टनें चढवितात. वाटेवरील प्रत्येक यंत्र एकेक वेष्टन सोडतें. त्यास आपल्या लगतच्या दोन शेजाऱ्यांपलीकडे कांहीं कळत नाहीं. देणारा व घेणारा यांच्यामध्यें अशीं सहा यंत्रें असतात. घेणारास एक ५६ अक्षरांचा पत्ता, ज्याच्या शेवटीं ‘डॉट अनियन’ असतें, आणि सोबत एक खाजगी किल्ली द्यावयाची, एवढेंच काम उरतें.

आतां एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मधला हमाल काढून टाकला कीं त्याचें काम आपल्या अंगावर येतें. या साधनांतील ज्या गोष्टींस लोक बिघाड समजतात, त्यांतील पुष्कळशा वस्तुतः गुप्ततेसाठीं मोजलेली किंमत होत.

माझा एक जुना विद्यार्थी वर्तमानपत्रांत काम करतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघांनीं, मी पुण्यांत व तो नागपुरांत बसून, ही परीक्षा घेतली. शाळेंत आम्ही मुलांस सांगत असूं कीं उत्तर जुळलें नाहीं तर सगळें गणित खोडूं नये. एकेक पायरी तपासावी. येथेंही तीच रीत उपयोगी पडते. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय झालें तें कागदावर टिपावें.

पहिली पायरी प्रोग्राम उघडण्याची. इंटरनेटवरून उतरविलेला प्रोग्राम प्रथम उघडतांना मॅक मालकास हटकतो, व हें योग्यच आहे. त्यानें साफ नकार दिला, तर चिडून सारा पहारा उठवूं नये. प्रोग्राम मूळ ठिकाणाहूनच आला आहे ना, त्यावरील सही जुळते ना, हें आधीं पाहावें.

दुसरी पायरी टॉरशीं जोडणी. अनियनशेअरच्या मांडणींत ही जोडणी तपासण्याची सोय आहे. फाईल निवडण्यापूर्वीं तीच करून पाहावी. जोडणी होत नसेल तर प्रथम मॅकचें घड्याळ पाहावें. घड्याळ फार मागें वा पुढें असेल तर टॉर चालत नाहीं. वेळ आपोआप जुळण्याची खूण करून ठेवावी. घड्याळ बरोबर असेल तर जाळें बदलावें. घरच्या जोडणीऐवजीं मोबाईलची जोडणी घेतांच काम झालें, तर दोष मॅकमध्यें नसून वाटेंत आहे. कित्येक कचेऱ्या व वसतिगृहें टॉरची वाट अडवितात. तेथें ‘ब्रिज’ म्हणून आडवाट निवडण्याची सोय या साधनांत आहे. मात्र मॅकचा फायरवॉल बंद करण्यांत अर्थ नाहीं. टॉर बाहेरून कोणास आंत बोलावीत नाहीं. तो स्वतःच बाहेर जाऊन जोडणी करतो.

तिसरी पायरी पत्ता उघडण्याची. सफारीमध्यें हा पत्ता उघडत नाहीं, कारण तो नेहमींच्या इंटरनेटच्या वहींत नोंदलेलाच नसतो. त्यासाठीं टॉर ब्राउझर पाहिजे. प्रथम आपल्याच मॅकवर टॉर ब्राउझरांत पत्ता व किल्ली घालून पाहावी, मग दूरच्या मित्रास सांगावें. आपल्याकडे उघडतें व त्याच्याकडे नाहीं, तर शोध त्याच्या बाजूस करावा. फार जुनी आवृत्ति कोणीही वापरूं नये. टॉरचे १६ अक्षरी जुने पत्ते २०२१ सालींच बंद झाले.

चौथी पायरी सर्वांत फसवी आहे. नागपुरास फाईल अर्धी उतरली आणि थांबली. कारण एवढेंच, कीं माझा मॅक झोंपीं गेला होता. दुकान आपल्या घरीं आहे. मालक निजला कीं दार बंद. झांकण उघडें ठेवावें, वीज जोडावी, आणि टर्मिनलमध्यें ‘कॅफिनेट’ ही आज्ञा देऊन यंत्रास जागें ठेवावें. दुसऱ्या खेपेस फाईल पोंचली. परंतु मित्रानें पुन्हा मागितली तेव्हां पत्ता मेलेला. हाही बिघाड नव्हे. एकदां फाईल गेली कीं वांटप थांबवावें, अशी मूळ योजनाच आहे. तसेंच, मुद्दाम जतन केला नाहीं तर दर वेळीं पत्ता नवा मिळतो. मोठी फाईल हळू जाते, कारण ती सहा घरें फिरून जाते.

पांचवी पायरी, पोंचलेली फाईल तीच आहे ना हें पाहण्याची. टर्मिनलमध्यें ‘शासम’ नांवाच्या आज्ञेनें फाईलचा २५६ बिटांचा ठसा काढतां येतो. तो ६४ अक्षरांचा असतो. दोन्हींकडचे ठसे अक्षरशः जुळले पाहिजेत.

येथवर सारें जुळलें, तरी परीक्षा पुरी झाली असें समजूं नये. हें साधन वाट लपवितें, मजकूर धुऊन देत नाहीं. फोटोच्या पोटांत तो काढल्याचें ठिकाण असूं शकतें. कागदाच्या पोटांत लिहिणाराचें नांव राहूं शकतें. पत्ता व किल्ली कचेरीच्या ई-मेलवरून धाडली, तर पुढची सारी गुप्तता व्यर्थ होय. आणि अनोळखी माणसाकडून आलेली फाईल उघडण्यांत नेहमींइतकाच धोका आहे.

म्हणून ही सर्व परीक्षा आधीं, निरुपद्रवी फाईलवर, ओळखीच्या माणसाबरोबर करावी. ज्याच्या हातांत खरे कागद आहेत, त्या भेदरलेल्या कारकुनास ‘जरा घड्याळ पाहा, जरा झांकण उघडा’ असें सांगत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याला धीर एकदांच होतो. पहिल्या प्रयत्नास दार उघडलें नाहीं, तर तो परत जाईल. आणि नदींत पाणी तसेंच पडत राहील. घेणारानें आपलें दार आधींच ठोकून पाहिलेलें असणें, हें त्याचें त्या अनोळखी माणसाप्रत कर्तव्य आहे.