हंगामी खेळाडू



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मला भाषण जमत नाही. मी सॉफ्टवेअरवाली, दिवसभर स्क्रीनशी बोलणारी. पलीकडून उत्तर आलं, "तू आमच्यासाठी अजून फुटबॉलच्या वहीवालीच आहेस. वहीवर बोल." म्हणून वहीवर बोलते.

आपले पी.टी.चे सर तोफखान्यातून निवृत्त होऊन आले होते. बारामती-इंदापूर पट्टा म्हणजे कुस्ती आणि कबड्डीचा. तिथे त्यांनी फुटबॉल आणला. एका बाजूला बाभळीच्या दोन मेढी, दुसऱ्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीवर चुन्याच्या दोन रेघा, एवढंच मैदान. मुलींना त्यात उतरायची सोय नव्हती. माझं अक्षर बरं म्हणून सरांनी मला हिशेबाची लांब वही दिली. कोण खेळलं, कुणी गोल केला, ते मी लिहायचं.

पाऊस आला की सर आपल्याला वर्गात देवळालीच्या गोष्टी सांगायचे. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी तिथे काढलेली. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. हंगाम हुकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथेच. काम नाही, उन्हाळा अंगावर, माणसं भ्रमिष्टासारखी व्हायची. त्यावरून इंग्रजी बोलीत वेड्यासाठी 'डुलाली' हा शब्द आला, आपल्या देवळालीवरून. अशा ठिकाणी माणूस शाबूत राहायचा तर खेळ हवा, असं सर म्हणायचे.

मोठी झाल्यावर मी याबद्दल वाचत गेले. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा असायची. सुरुवातीला सगळे विजेते गोऱ्या पलटणी. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरलं. भारतीय संघानं चषक जिंकायला १९३७ उजाडलं. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. पुढे दुसरं महायुद्ध भडकलं. ड्युरँड चषक १९४१ पासून बंद पडला तो थेट १९५० मध्ये सुरू झाला. मुंबईत मात्र रोव्हर्स चालू राहिली, कारण छावण्या माणसांनी भरल्या होत्या. युद्धकाळातल्या विजेत्यांच्या यादीत एक नाव आहे, 'ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प'. म्हणजे आघाडीवर किंवा दुसऱ्या पलटणीत पाठवायच्या शिपायांना तोवर ठेवून घेण्याचा तळ. आता असा संघ कसा बांधायचा? आज जो राइट बॅक आहे, त्याला उद्या ब्रह्मदेशात जायचा हुकूम येईल. पुढच्या सामन्याला नवा माणूस. चषकावर नाव तळाचं राहतं, माणसं पुढे गेलेली असतात.

विलायतेतही हेच. ऑल्डरशॉट हे लष्करी छावणीचं गाव. तिथला क्लब एरवी खालच्या विभागात खेळणारा. युद्धात इंग्लंडचे नामवंत खेळाडू त्या छावणीत नोकरीला आले. मग क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस आणि जो मर्सर ही इंग्लंडची मधली फळी ऑल्डरशॉटच्या लोकांनी आपल्या मैदानावर बघितली. पण युद्धकाळातले लीगचे सामने अधिकृत हिशेबात धरत नाहीत. १९३९ चा हंगाम तर तीन सामन्यांनंतर थांबला आणि ते तिन्ही निकाल नोंदीतून काढून टाकले.

यातलं मला सगळ्यात लागलं ते डेनिस कॉम्प्टनचं. क्रिकेटवाल्यांना नाव ठाऊक असेल. तो आर्सेनलचा विंगरही होता. युद्धात त्याची नेमणूक महूच्या छावणीत झाली. तिथून तो सी. के. नायडूंच्या होळकर संघात आला. मार्च १९४५ मध्ये ब्रेबोर्नवर मुंबईविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला, त्यात त्यानं नाबाद २४९ केल्या. होळकर ३७४ धावांनी हरले, पण त्या २४९ धावा आजही पुस्तकात आहेत. हाच माणूस त्या वर्षांत इंग्लंडकडून फुटबॉलचे बारा सामने खेळला. त्यातला एकही अधिकृत नाही. अधिकृत वहीत तो इंग्लंडकडून कधी खेळलाच नाही.

हे वाचलं आणि मला आपली वही आठवली. आता जे सांगते ते तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आपल्याकडेही हंगाम असतोच. कारखान्यात मोळी पडली की बीडकडच्या, पाथर्डीकडच्या टोळ्या यायच्या. शाळेमागच्या माळावर कोप्या उभ्या राहायच्या. नववीत असताना, १९९४ च्या दिवाळीनंतर, त्या कोप्यांतला एक मुलगा आपल्या मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायला लागला. पहाटे आईबापांबरोबर फडात जायचा, वाढं बांधायचा आणि चारच्या सुमाराला इकडे. एक दिवस बाहेर गेलेला चेंडू त्यानं अनवाणी डाव्या पायानं आत मारला. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "आत ये." आपण त्याला डावऱ्या म्हणायला लागलो.

जानेवारीत शेजारच्या शाळेबरोबर आपली मैत्रीची मॅच झाली. आपण दोन-एकनं जिंकलो. दोन्ही गोल डावऱ्याचे. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते आठवतंय, चेहऱ्यावर दिसतंय.

पुढे वार्षिक अंकासाठी मजकूर द्यायचा होता. मला सांगण्यात आलं, की तो मुलगा शाळेच्या पटावर नाही, त्याचं नाव छापता येणार नाही. कुणी सांगितलं, ते महत्त्वाचं नाही. लिहिणारी मी होते. मी वहीत खाडाखोड केली आणि ते दोन गोल आपल्या कप्तानाच्या नावावर टाकले. कप्तानसाहेब समोरच बसलेत. तुला हे आज कळतंय. माफ कर, तुझे दोन गोल आज कमी होतायत.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. टोळी निघायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत डावऱ्या वर्गाच्या खिडकीशी आला. मला म्हणाला, "ताई, वहीत माझं नाव लिवलंय का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "पुरं लिवलंय का?" आणि त्यानं स्वतःचं, बापाचं, गावाचं, सगळं नाव सांगितलं. मी मान हलवली. लिहून घेतलं नाही. घंटा झाली आणि मी गणिताचं पुस्तक काढलं.

ते नाव आज मला आठवत नाही. खूप प्रयत्न केलाय. गावाच्या नावात 'वाडी' होतं, एवढंच आठवतं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. माणूस नोकरी सोडून गेला, ग्राहकानं खातं बंद केलं, तरी त्याची नोंद सहसा पुसत नाहीत. 'निष्क्रिय' अशी खूण करून ठेवून देतात, कारण मागचा हिशेब त्याच्यावर उभा असतो. नवीन मुलांना मी हे दरवर्षी शिकवते. शिकवताना दर वेळी ती खिडकी डोळ्यांसमोर येते.

आज स्नेहमेळाव्याची यादी पटावरून केलीय, दुसरं साधन तरी काय होतं? पण आपल्या वर्गात, आपल्या मैदानावर पाच-पाच महिने राहून गेलेली कितीतरी मुलं त्या यादीत नाहीत. पुढे साखरशाळा निघाल्या, पण आपल्या वेळी काही नव्हतं. संयोजकांना माझी एक विनंती आहे. स्मरणिकेत एक पान कोरं सोडा. ज्याला जे हंगामी नाव आठवेल, ते त्यानं तिथे लिहावं. टोपणनाव चालेल. आणि तुमच्यापैकी जे आज त्याच रस्त्यावरच्या शाळांत शिक्षक आहेत, त्यांच्या मैदानाच्या कडेला या दिवाळीनंतरही कुणीतरी येऊन उभं राहील. त्याला आत घ्याच, आणि नाव विचारून लगेच लिहून ठेवा.

पहिली ओळ मी लिहून आणलीय, तीच वाचते.

"जानेवारी १९९५. मैत्रीची मॅच. आपली शाळा दोन, समोरचे एक. दोन्ही गोल : डावऱ्या."