न दिसणाऱ्या जखमेचा हक्क



 आजचा विषय काहीसा अप्रिय आहे. पण तो आपल्या दाराशी आलेला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या परिसराला फौजेची चाकरी पिढ्यान्पिढ्या परिचयाची आहे. लढाईत पाय गमावून आलेल्या जवानाचा आपण हारतुरे घालून सत्कार करतो. परंतु जो अंगाने धडधाकट परतला, पण रात्री दचकून उठतो, माणसांत बसत नाही आणि ज्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर ‘छिन्नमनस्कता’ किंवा ‘न्यूरोसिस’ या अर्थाचा शब्द आहे, त्याचे काय? त्याच्याविषयी गाव कुजबुजते आणि घर गप्प राहते. या गप्प राहण्याची किंमत काय, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

मनालाही जखम होते, हे मान्य करायला जगाला वेळ लागला. 1915 साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. आघातानंतरच्या ताणविकृतीला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या रोगसूचीत स्थान मिळायला 1980 साल उजाडले. आपल्या सैन्यात जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पद्धतीने ठरते; तिचे पहिलेच अक्षर मानसिक क्षमतेचे आहे. सैनिकाची पात्रता मोजताना ज्या मनाचा विचार अगोदर होतो, त्या मनाला इजा झाल्यावर तिचीही दखल घेतली पाहिजे, हे ओघानेच येते.

कायद्याने ती घेतली आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान 20 टक्के असावे, आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. यातला ‘किंवा’ फार महत्त्वाचा आहे. आजाराचे बीज आधीपासून असेल, पण सेवेतील ताणाने त्याला अंकुर फुटला असेल, तरीही हक्क उभा राहतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या 2002 च्या लष्करी मार्गदर्शिकेत मानसिक आजारांचा विचार करताना बंडखोरीविरोधी मोहिमा, अतिउंच प्रदेश आणि एकाकी चौक्या यांचा स्पष्ट निर्देश होता.

ग्यानबाची मेख पुढे आहे. मेडिकल बोर्डाच्या कागदावर अनेकदा ‘एन.ए.एन.ए.’ ही चार अक्षरे येतात. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि बळावलेलाही नाही, असा त्यांचा अर्थ. शेजारी ‘प्रकृतिजन्य’ अशा अर्थाचा एखादा शब्द असतो. कारण मात्र दिलेले नसते. घरचे लोक तो शेवटचा निकाल समजून कागद पेटीत ठेवून देतात. तो शेवटचा निकाल नसतो.

1982 च्या नियमांनी दावेदाराच्या बाजूने मोठे माप टाकले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. संशयाचा फायदा त्याला द्यावा. 2013 साली ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वे ठामपणे मांडली. त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात, 1972 साली सिग्नल कोअरमध्ये भरती होऊन 1977 साली मनोविकाराच्या कारणाने घरी पाठविलेल्या सैनिकाची फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. तोवर छत्तीस वर्षे उलटली होती.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, छिन्नमनस्कतेसारखा आजार भरतीच्या साध्या तपासणीत कळत नाही. म्हणून नोंद नव्हती एवढ्यावरच दावा टिकत नाही. मे 2025 मध्ये छिन्नमनस्कतेच्याच एका प्रकरणात न्यायालयाने बोर्डालाही बजावले की, कारणे न देता दिलेले मत हक्क हिरावून घेण्यास पुरेसे नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले, तर व्यवहाराचा धडा स्पष्ट होतो. बोर्डाने कारण दिले आहे का ते पाहावे, आणि सेवेतील परिस्थितीचा आपला पुरावा हाताशी ठेवावा.

हा पुरावा म्हणजे काय? कोणत्या चौकीवर किती काळ काढला, पहिला त्रास कधी आणि कोठे झाला, कोणत्या लष्करी रुग्णालयात ठेवले, या साऱ्याची तारीखवार टिपणे. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून मागावी. न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. नामंजुरीच्या पत्रातील मुदत पाहून पहिले अपील करावे, मग दुसरे. त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा 2007 चा असून मुंबई, चेन्नई, कोची आदी ठिकाणी त्याची खंडपीठे आहेत. अर्जाच्या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत. तेव्हा सेवा कोणत्या तारखेला संपली, हे आधी पाहावे.

उशीर झाला म्हणून आशा सोडू नये. पण उशिराला किंमत असते. 1983 साली वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेला एक सैनिक 1999 साली न्यायालयात गेला. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, निवृत्तिवेतनाचा हक्क कायम आहे, मात्र थकबाकी दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. मधली कित्येक वर्षे हातची गेली. 1 जानेवारी 1996 पासूनच्या सवलतीनुसार, वैद्यकीय कारणाने सेवेबाहेर काढलेल्याचे 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरून हिशेब होतो, हे लक्षात घेतले म्हणजे कुटुंबाचे नुकसान केवढे होते ते कळेल.

मग लोक दावा का करीत नाहीत? अज्ञान हे एक कारण खरेच. दुसरे कारण अधिक खोल आहे. हा हक्क मागायचा, तर जे घर लपवू पाहते तेच कागदावर लिहावे लागते. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, लोक ‘वेडा’ म्हणतील, या भीतीने बाप मुलाचे कागद दडवितो, पत्नी नवऱ्याचा आजार सासर-माहेरी सांगत नाही. पाय गेलेल्या जवानाला जी लाज वाटत नाही, ती याला का वाटावी? ती लाज त्याची नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्या आपल्या नजरेची आहे.

यासाठी शाळेकडे पाहावेसे वाटते. सरकारी पत्र वाचून घेण्यासाठी खेड्यातला माणूस आजही मास्तरांकडे येतो. इंग्रजीतील चार ओळींचे नामंजुरीचे पत्र त्याला समजावून सांगणे, मुदतीची तारीख दाखविणे, अर्ज लिहून देणे, एवढे काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल. ते करताना एक पथ्य पाळावे. त्या घराची गोष्ट चावडीवर जाऊ नये. आणि हे निवृत्तिवेतन म्हणजे दान नव्हे, मुलाने चौकीवर जागून काढलेल्या रात्रींचे ते देणे आहे, एवढे त्या माउलीला आवर्जून सांगावे.