जोर आपला, सोबत मैत्रिणीची
(खोपट येथे महिला गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जोर-बैठका’ म्हटलं की डोळ्यांसमोर तालीम येते, लाल माती येते, पैलवान येतो. बाई येत नाही. बाईनं व्यायाम करायचा तो बारीक होण्यासाठी, नाहीतर डॉक्टर रागावले म्हणून. अंगात ताकद असावी एवढ्यासाठी तिनं जोर काढावेत, हे आपलं आपल्यालाच विचित्र वाटतं.

खरं तर याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. आपलंच वजन आपण पेलायचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, ते मुलींसाठीसुद्धा. मग आपलं अडतं कुठे?

अडतं वेळेपाशी. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. नोकरी आणि लोकलची गर्दी यात धरलेली नाही. वर आपणच म्हणतो, “दिवसभर राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?” पण राबण्यानं तीच कंबर, तेच गुडघे शिणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, तो याहून वेगळा.

आता माझा अनुभव सांगते. मी एकटीनं तीनदा सुरुवात केली आणि तीनदा सोडली. कधी दूध उतू गेलं, कधी डबा राहिला. स्वतःला दिलेला शब्द मोडायला बाईला काहीच वाटत नाही. तसंच वळण लागलेलं असतं. चौथ्यांदा शेजारची मैत्रीण म्हणाली, “पावणेसहाला जिन्यात थांबते.” त्या दिवशी मी उठले. घरातही म्हणता आलं, “ती खाली थांबली आहे, जायला हवं.” माझ्या वीस मिनिटांना घरात किंमत नव्हती, मैत्रिणीच्या खोळंब्याला होती! हे वाईटच आहे. पण त्याच फटीतून आम्ही बाहेर पडलो. दोघींच्या चौघी झालो. खोपटच्या एस.टी. स्टँडवरून सकाळच्या गाड्या निघायच्या सुमाराला आम्ही गच्चीवर असतो.

आमची एक चूकही सांगते. उत्साहाच्या भरात एकीनं वजनकाटा आणला. दर सोमवारी वजनं, मग थट्टा. तिसऱ्या आठवड्यात एक मैत्रीण यायची बंद झाली. आम्हाला वाटलं, नवरा सोडत नसेल. घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, “सासरी ऐकते तेच तुमच्याकडेही ऐकायचं, तर लवकर उठू कशाला?” आम्ही मान खाली घातली. काटा परत गेला. आता गच्चीच्या भिंतीवर खडूनं प्रत्येकीचा आकडा असतो. ताडून बघायचा तो स्वतःच्याच मागच्या आकड्याशी. ती मैत्रीण पुन्हा येते.

ध्येयं साधी ठेवा. आधी भिंतीला हात लावून जोर, मग ओट्याला, मग जिन्याच्या पायरीवर, मग गुडघे टेकून जमिनीवर. हात जितके खाली तितकं वजन जास्त, एवढंच त्यातलं शास्त्र. बैठकांसाठी खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पाच जमले की सहा. श्वास कोंडायचा नाही. एक दिवस आड पुरे.

काळजीही घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. धाप लागते, चक्कर येते, तर आधी रक्त तपासून घ्या. सगळ्यांचं वाढून उरलेलं खायचं आणि वर जोर काढायचे, हे चालणार नाही. बाळंतपण नुकतं झालं असेल, अंग बाहेर येत असेल, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आमच्यातल्या एका काकूंचं वय साठीच्या पुढे. त्यांचं ध्येय एकच होतं: जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठायचं. त्या उठल्या त्या दिवशी आम्ही चौघी रडलो. काकू म्हणाल्या, “आता सुनेला हाक मारायला नको.” पैलवानाला याचं मोल कळणार नाही. आपल्याला कळतं.

तेव्हा आज घरी जाण्याआधी एकीशी बोला. वार ठरवा, वेळ ठरवा, आणि तिच्यासाठी जिन्यात थांबा. आज तिच्या शब्दाखातर उठाल. उद्या स्वतःला दिलेल्या शब्दाखातर उठायचं आहे.